सकाळच्या हाताचं खुरपं

मला स्वस्थ बसता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण खुर्चीवर बसून एक तास घेतल्याचं आठवत नाही. अशा बाईला सांधे धरणारा आजार व्हावा, ही देवानं निवांत बसून केलेली थट्टा असावी. दीड वर्ष झालं. हे लिहिते आहे तेही तुकड्यातुकड्यांत, दुपारी तीननंतर, कारण त्या वेळी पेन धरता येतो. ज्यांची बोटं सकाळी मिटत नाहीत आणि जे ते घरात कुणाला कळू देत नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. औषधांचं मला विचारू नका, ते डॉक्टरांना विचारा. मी खुरप्याचं सांगणार आहे.

वाडी

आमचे हे पॉवर हाऊसात फिटर होते. मी त्यांना फिटरसाहेब म्हणते, रागात आणि लाडात दोन्ही. ऊर्जानगरला दुसऱ्या माळ्यावरच्या क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला. तिथे माझी शेती म्हणजे गॅलरीतली एक तुळस आणि एक मिरची. निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीला, माझ्या माहेरच्या बाजूला, गावाच्या कडेला घर बांधलं. खोल्या तीनच, पण मागे वाडी. पहिल्या वर्षी वांगी, ढेमसं, अंबाडी लावली. वालाचा वेल कुंपण ओलांडून शेजाऱ्यांच्या टिनावर गेला, तेव्हा मी शेजारणीची माफी मागायला गेले आणि मनातून खूश होते. एवढ्यासाठीच मी इतकी वर्षं वाट पाहिली होती.

निंदणाला, म्हणजे वाफ्यातलं गवत काढायला, बायजाबाई यायची. सत्तरीची असेल. धानाची रोवणी करून करून तिची पाठ कायमची वाकलेली. आम्ही दोघी दोन बाजूंनी वाफा निंदत मध्ये भेटायचो. एका पावसाळ्यानंतर मात्र ती मध्यापर्यंत पोचायची आणि मी निम्म्यातही नसायचे.

त्या साली आमच्या ओळीत घरोघरी चिकनगुनिया होता. माझीही बोटं दुखतात म्हणजे तोच असणार, असं मीच ठरवून टाकलं. कुणी गुळवेलाचा काढा सांगितला, कुणी निरगुडीचा शेक. सगळ्यांचं दुखणं दिवाळीपर्यंत गेलं. माझं राहिलं, आणि दोन्ही हातांत सारखंच राहिलं. बायजाबाईनं एकदा माझा हात स्वतःच्या हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "बाई, हा ताप गेलेल्या मानसाचा हात नाई. नागपूरले दाखवा."

नागपूर

डॉक्टर माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. तिनं एकेक सांधा दाबून पाहिला. मग विचारलं, सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात? बाजूला फिटरसाहेब बसले होते. मी म्हटलं, थोडा वेळ. तिनं माझ्याकडे पाहिलं, यांना रक्त तपासणीची चिठ्ठी देऊन बाहेर खिडकीवर पाठवलं, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा मी खरं सांगितलं. दोन तास. कधी जास्त.

आमवात, ती म्हणाली. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं. पूर्ण जात नाही, पण ताब्यात राहतो, लवकर आलात तर हात वाचतात. ती बरंच बोलली. मी एकच विचारलं, खुरपं धरता येईल का? ती म्हणाली, आधी सूज उतरवू, मग पाहू. मला तिचा राग आला. नंतर कळलं की तिनं खोटा धीर दिला नाही हे चांगलंच केलं.

परतीच्या एसटीत फिटरसाहेब फाइल मांडीवर घेऊन बसले होते. नागभीड मागे पडल्यावर बोलले.

"वाडी बंद. मांगं फरशी टाकू."

आठ दिवसांत फाटकापाशी ट्रॅक्टरनं रेती पडली. हा माणूस घाबरला की सामान आणतो. मुलीच्या बाळंतपणात असाच एक पाण्याचा पंप आणला होता, तो अजून खोक्यात आहे. त्यांना माझ्या हातांची भीती वाटत होती हे मला कळत होतं. तरी ती रेती पाहिली की मला भांडं आपटावंसं वाटे, आणि आपटायलाही ते नीट धरता येत नसे.

नऊ दिवस

चैत्रात खोकला आणि ताप धरला, तर पुन्हा नागपूर. नऊ दिवस वॉर्डात. पहाटे थर्मामीटर, मग चहा, मग झाडूपोछा, मग मोठ्या डॉक्टरांची फेरी, तेव्हा सगळ्यांनी शहाण्यासारखं पडून राहायचं. मला तर दवाखान्याच्या चादरीची घडीही वाकडी दिसली की उठावंसं वाटे. खिडकीबाहेर कूलरचं पाणी ठिबकायचं त्या जागी गवत माजलं होतं. मी दिवसभर ते डोळ्यांनी निंदायचे.

बिस्किटाचा पुडा फुटत नसे. सकाळी ब्लाऊजचे हूक लागत नसत. भीती मला मरणाची नव्हती. पोळीचा तुकडा कुणीतरी मोडून तोंडाशी धरेल आणि मी तोंड उघडेन, ही भीती होती. ती मी कुणाला सांगितली नाही. तिथल्या आयाबाईंना न सांगता कळलं असावं. त्या रोज सकाळी दुसऱ्या कामाला आल्यासारख्या यायच्या, बोलता बोलता माझी वेणी घालायच्या, हूक लावायच्या आणि माझ्याकडे न पाहता निघून जायच्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

चौथ्या दिवशी फिटरसाहेब स्टुलावर बसून कंटाळले. त्यांनाही बसता येत नाही, यावर आमचं लग्न टिकलं आहे. म्हणाले, "काय पायजे तुले? सांग एकडाव."

मी म्हटलं, "मले माह्या हातानं निंदता आलं पायजे."

त्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "ठीक हाय. खुरपं मी करून देतो तुह्या हाताचं. दिवाळीपर्यंत एक वाफा एकटीनं निंदून दाखव. नाई जमलं तर फरशी, मंग बोलाचं नाई."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

कारखाना

घरी आल्यावर पडवीत कारखाना सुरू झाला. आयुष्यभर मोठमोठ्या पंपांच्या बेअरिंगच्या वाट्या बसवलेला माणूस, खुरपं म्हणजे काय त्याच्यापुढे. संध्याकाळी चहा झाला की माझा हात टेबलावर ठेवायला लावायचे आणि व्हर्नियरची मापपट्टी लावून एकेक बोट मोजायचे. वहीत आकृती काढायचे. इतक्या वर्षांत त्यांनी माझा हात इतका वेळ हातात धरला नव्हता, त्यामुळे मी पण हलत नव्हते.

पहिलं खुरपं लोखंडी पाइपाच्या मुठीचं झालं, वर हिरवा रंग. ते उचलतानाच मनगट गेलं. दुसऱ्याला सायकलच्या हँडलची रबरी मूठ. तिसरं ॲल्युमिनियमचं, हलकं, वर फोम गुंडाळलेला, मूठ चांगली जाड. ते संध्याकाळी माझ्या हातात छान बसलं. मी अंगणात दोन-चार वेळा ओढून दाखवलं. साहेब इतके फुगले की त्याच मापाची आणखी सहा केली आणि ओळीतल्या म्हाताऱ्या माणसांना वाटून आले. बायजाबाईसाठी तर खास उभ्यानं चालवायचं केलं, छातीइतक्या दांड्याचं, तिला वाकायला नको म्हणून.

चार दिवसांनी त्यांनी तिला विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, "भाऊ, दांडा लय चांगला हाय. कवाडाले लावून ठेवला, हवेनं आपटत नाई आता. अन मले वाकाले काई होत नाई, बाप्पा. मले उभं राहाले तरास होते."

सहापैकी तीन खुरपी न बोलता आमच्या पडवीत परत आली. फिटरसाहेबांनी ती पंपाच्या खोक्याशेजारी रचून ठेवली.

आता माझं पाप सांगते. मी पाचला उठत होते, ते सातला. तेवढ्या वेळात गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून बसायचं, बोटं जरा सैल झाली की हूक लावायचे, दोन्ही तळव्यांत धरून चहाचं भांडं चुलीवर ठेवायचं. ते उठेपर्यंत मी ठीकठाक बाई असायचे. डॉक्टरसमोर त्यांना बाहेर पाठवावं लागलं, तेव्हापासून मी माझी सकाळ त्यांना दिसू दिली नव्हती. त्यांना कळलं असतं तर दिवाळीची वाटही पाहिली नसती, त्याच दिवशी मिस्त्री बोलावला असता.

पण आमच्याकडे निंदण होतं ते सकाळीच. नऊनंतर ऊन अंगावर येतं, आणि संध्याकाळी डास बसू देत नाहीत. ॲल्युमिनियमचं खुरपं घेऊन मी रोज उजाडताना, ते उठायच्या आत, वाडीत जायचे आणि ते रोज हातातून गळून पडायचं. फोमची ती जाड मूठ संध्याकाळच्या हाताला बरोबर होती. सकाळी बोटं तिच्याभोवती अर्धीही जात नव्हती. शेवटी मी परकराच्या नाडीनं खुरपं मनगटाला बांधायला लागले. गाठ दातांनी. तरी होईना, तेव्हा बायजाबाईला गुपचूप म्हटलं, तूच ओढ दोन ओळी. संध्याकाळी यांनी विचारलं की मी सांगायचे, छान चालतं, आज दोन ओळी झाल्या. जन्मभर पोरांना कॉपीसाठी उभं केलं आणि साठी उलटल्यावर मी कॉपी करत होते.

पाहिलं

पोळा होऊन आठवडा झाला असेल. त्या सकाळी साहेब लवकर उठले. मला कळलं नाही. मी वांग्याच्या वाफ्यात बसून दातांनी गाठ ओढत होते आणि खुरपं हातातून निसटून पायावर पडलं. मागे कुणी नाही असं वाटून मी आधी शिवी दिली आणि मग मान वळवली. ते पडवीच्या पायरीवर उभे होते. नाडीकडे बघत होते.

"किती दिवसापासून?"

मी म्हटलं, पहिल्यापासून.

"मंग सांजच्याले काऊन म्हने का चांगलं हाय?"

तेव्हा माझा तोल गेला. वर्षभरात मी कुणासमोर रडले नव्हते, तिथे मातीत बसून रडले, आणि रडता रडता भांडले.

"तुमी रोज सांजचा हात मोजला. सांजचा हात चांगलाच असते जी. वाडी सकाळी असते. सकाळचा हात तुमी पाह्यलाच नाई, अन मी दाखवला नाई. दाखवला असता तं तुमी फरशी टाकली असती."

मला वाटलं, संपलं. ते आत गेले. मी तशीच बसून राहिले. थोड्या वेळानं आले ते ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. पोळ्याचे बैल करायला कुंभाराकडून आणलेली माती उरली होती, ती. माझ्यासमोर उकिडवे बसले, मनगटाची नाडी सोडली, मातीचा गोळा माझ्या तळहातावर ठेवला.

"मीट. जेवढा मिटते तेवढाच. जोर लावू नको."

मी मिटला. म्हणजे प्रयत्न केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मातीत जरासं रुतलं, मधलं नुसतं टेकलं, पहिलं बाहेरच राहिलं. अंगठा आडवा. त्यांनी गोळा सावकाश सोडवून घेतला आणि हातात धरून इतका वेळ पाहिला की मला लाज वाटायला लागली. नागपूरच्या सगळ्या रिपोर्टांच्या फाइली त्यांनी सांभाळल्या होत्या, पण माझा आजार त्यांनी त्या दिवशी पाहिला असं मला वाटतं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "व्हर्नियर घेऊन बसलो होतो. येडा फिटर."

आणि मग चहा त्यांनी केला. गोड मिट्ट झाला होता.

मूठ

तो गोळा वाळल्यावर ते आमच्या वाढईकडे घेऊन गेले. हे म्हातारे सुतार तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल करतात, शिवणीच्या लाकडाचे, कारण ते वजनाला हलकं आणि कोरायला मऊ. त्यांनी गोळा पाहून विचारलं म्हणे, हा हाताचा साचा हाय का पायाचा? साहेबांनी सांगितलं, सकाळचा हाय. वाढई हसले नाहीत. त्यांचेही गुडघे धरलेले आहेत.

मूठ मातीबरहुकूम कोरली. दोन बोटांना जरा खोल खाच, तिसऱ्याला उथळ, पहिल्याला काहीच नाही, ते मोकळं. अंगठ्याला आडवी बैठक. बाहेरून कातड्याचा पट्टा, म्हणजे बोटांनी न धरताही हात मुठीत अडकून राहतो. पातं साहेबांनी वळवून असं बसवलं की मनगट न वाकवता, कोपरापासून हात ओढला की चालतं. बसायला चार बोटं उंचीचं स्टूल. बायजाबाईनं एकच सुधारणा सांगितली, जी कुणा फिटरला सुचली नसती. आदल्या सांजेले वाफ्याले पानी टाका, मंग गवत ओढाले लागत नाई, नुसतं सांगाले लागते. तिच्यासाठी साहेबांनी छातीइतका दांडा कापून वीतभराचा केला, आणि उठताना टेकायला वेगळी काठी. आता ते कुणाला वय विचारत नाहीत. विचारतात, लय दुखते तो टाइम कोनता?

हेही सांगायला हवं. खुरप्यानं आजार बरा होत नाही. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी माझी सूज उतरली, सकाळचे दोन तास पाऊण तासावर आले. गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळतं, तेव्हा मी सगळ्यांवर खेकसते. कधी कधी पाण्याचा पेलाही उचलवत नाही. असे दिवस पुढेही येणार आहेत, आणि मला ते अजिबात मान्य नाहीत.

वाफा

दिवाळीला दोन दिवस होते. वांग्याचा वाफा, तोच. सहाला बसले. बायजाबाईला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. फिटरसाहेब पडवीच्या पायरीवर बसले. मदत करायची नाही असं ठरलं होतं, आणि कुणाला मदत न करता बसणं त्यांना किती जड जातं हे मला ठाऊक आहे. दोनदा पाना घेऊन नळ आवळून आले. नळ गळत नव्हता.

मूठ हातात बसली होती. खरंच बसली होती. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, हरळीची एक लांबलचक मुळी अखंड निघाली तेव्हा मी ती वर धरून त्यांना दाखवली. तिसऱ्या ओळीनंतर बोटांच्या मुळाशी गरम वाटायला लागलं. डॉक्टरनं सांगितलं होतं, दुखायच्या आधी थांबा. मी चौथ्या ओळीच्या मध्यापर्यंत रेटलं आणि थांबले. दीड तास झाला होता. वाफ्याच्या अडीच ओळी अजून हिरव्या होत्या.

ठरलं होतं एक वाफा. पूर्ण. मी स्टुलावर बसून होते, मान खाली. कपाळावरचा घाम पुसायला हात उचलवत नव्हता. ते उठून आले. मला वाटलं आता ते मोजतील. मोजलं नाही. माझ्या हातावरचा पट्टा सोडला आणि म्हणाले, "आन, उरलं तेवढं मी करतो."

मी खुरपं दिलं. ते वाफ्यात बसले. हात पट्ट्यात घातला, मूठ धरली, ओढलं. पातं आडवं झालं. पुन्हा धरलं. त्यांची चारही बोटं मिटत होती, म्हणून ती एकाही खाचेत जात नव्हती. पहिलं बोट कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. डाव्या हातात घेऊन पाहिलं, तर अंगठा भलतीकडे. घामेजले, मनगट वाकडं केलं, परत सरळ केलं. पन्नास वर्षं हत्यारं हाताळलेला माणूस, त्याला वीतभर गवत निघेना.

मग ते थांबले आणि मुठीवर हलकेच बोटं फिरवली, एकेका खाचेवर.

"हे माह्या हातात बसतच नाई," ते म्हणाले.

"मंग उरलेल्याचं काय?"

"राहू दे. उद्या सकाळी तूच कर." आणि पातं स्वतःकडे घेऊन, मूठ माझ्या बाजूला करून, त्यांनी खुरपं माझ्यापुढे धरलं.